केबिनमध्ये मावणारी बाबागाडी: दहा महिन्यांची लेक, पॅरिस, व्हिएन्ना, व्हेनिस आणि जिनेच जिने

दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही दोघं चौदा दिवस फिरून आलो, आधी पॅरिस मग व्हिएन्ना मग व्हेनिस, आणि या चौदा दिवसांत पासपोर्टपेक्षाही जास्त वेळ जी वस्तू हातात होती ती म्हणजे आमची घडीची स्ट्रोलर, तर हा रिव्ह्यू तिचाच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण याच धाटणीच्या पाच-सहा गाड्या बाजारात आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू होतं. शिवाय खाली काही तक्रारी पण आहेत.

घेताना मी काय काय बघितलं होतं सांगते. चाकांना सस्पेंशन आहे का, छत किती खाली येतं, खालची टोपली किती मोठी, पाठ किती मागे जाते, कप होल्डर मिळतो का, रंग कुठला. परत आल्यावर आता कोणी विचारलं तर मी फक्त एकच विचारते, बाळ कडेवर असताना दुसऱ्या एका हाताने ती गाडी मिटते का आणि मिटल्यावर खांद्याला लावून वीस पायऱ्या चढता येतात का. बस. बाकीचं सगळं नंतर. परदेशातल्या शहरात बाळ घेऊन फिरताना तुमचा दिवस कसा जाणार हे जिने ठरवतात, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी गाडीचं सांगते. वजन ६.८ किलो. घडी घातली की ५५ × ४४ × २४ सेंटीमीटर, ही मापं मी डब्यावरून नाही तर घरी टेप लावून घेतली कारण डब्यावरच्या मापात चाकं धरली होती की नाही तेच कळत नव्हतं. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, केबिन बॅगेसाठी ५६ × ४५ × २५ असं एक माप सुचवलेलं आहे, पण ते फक्त सुचवलेलं, प्रत्येक कंपनीचा नियम आपापला असतो आणि बऱ्याच ठिकाणी याहून लहानच माप चालतं. म्हणून 'केबिन साइज' असं लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नका, ज्या विमानाने जाणार त्याच कंपनीच्या साइटवर जाऊन बघा आणि प्रत्येक टप्प्याचं वेगळं बघा, कारण मोठ्या विमानात वरच्या कप्प्यात गेलेली गाडी पुढच्या छोट्या विमानात जाईलच असं नाही. आमचं अगदी हेच झालं.

जाताना मोठ्या विमानात काहीच त्रास झाला नाही, गाडी मिटवून वरच्या कप्प्यात आडवी बसली. चिऊ (आमची लेक) पाळण्यात झोपली, हा पाळणा पुढच्या भिंतीला लावतात, तो आधी फोन करून मागून घ्यावा लागतो आणि त्याला बाळाच्या वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, तीसुद्धा प्रत्येक कंपनीची वेगळी. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. रात्रीत तीनदा उचललं. उतरताना कान दुखू नयेत म्हणून दूध पाजत राहायचं, गिळलं की कानातला दाब मोकळा होतो, आणि हे विमान खाली यायला लागल्या लागल्या सुरू करायचं, चाकं बाहेर येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. सिक्युरिटीत बाळाच्या दुधाला आणि खाण्याला द्रव पदार्थांसाठीचा १०० मिलीलिटरचा नियम लागत नाही, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं आणि ते तपासतात तेवढा वेळ हातात ठेवायचा. स्ट्रोलर मात्र मशीनमधून जाते, म्हणजे बाळाला काढा, गाडी मिटवा, पट्ट्यावर ठेवा, पलीकडे जाऊन उघडा. एका हाताच्या घडीची पहिली परीक्षा इथेच झाली आणि गाडी पास झाली.

ती घडी कशी आहे ते नीट सांगते कारण सगळं त्याच्यावरच आहे. हँडलच्या मधोमध एक सरकणारी कडी आहे, ती अंगठ्याने डावीकडे ढकलायची, तिथेच खालचं बटण त्याच हाताच्या बोटांनी दाबायचं आणि हँडल पुढे ढकलायचं, की गाडी गुडघ्यात वाकल्यासारखी खाली बसते, मग सीटच्या मधला पट्टा धरून वर ओढलं की खट् असा आवाज येतो आणि बाजूचा हुक आपोआप लागतो. खट् ऐकू आलंच पाहिजे. तो हुक नीट लागला नसेल तर खांद्यावर घेतल्यावर गाडी अर्धी उघडते आणि पुढची चाकं गुडघ्यावर आपटतात. पहिले दोन दिवस मला जमत नव्हतं, तिसऱ्या दिवसापासून न बघता जमायला लागलं. निघायच्या आधी आठवडाभर घरात कडेवर बाळ घेऊन सराव करा हे मी अगदी कळकळीने सांगते, मेट्रोच्या तोंडाशी मागे माणसं खोळंबलेली असताना शिकायची ही गोष्ट नाही.

आता पॅरिस. तिथली मेट्रो १९०० साली सुरू झालेली आहे, त्यामुळे बहुतेक जुन्या स्टेशनांवर जिनेच आहेत, आणि जिना एक नसतो, खाली उतरा, बोगद्यातून चाला, पुन्हा चार पायऱ्या चढा, वळा, पुन्हा उतरा. मेट्रो बदलायची असेल तर हे सगळं दोनदा. १४ नंबरची लाइन १९९८ची, तिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, २०२४ मध्ये ती ऑर्ली विमानतळापर्यंत गेली, तुमचं विमान ऑर्लीला उतरणार असेल तर बाळासकट शहरात यायला ही लाइन अगदी सोन्यासारखी. बाकी वेळेला आम्ही दुसऱ्या दिवसापासून बसच धरली. बसला मधल्या दाराशी मोकळी जागा असते, उघडी गाडी तशीच आत घेता येते, ब्रेक लावून उभं राहायचं, आणि खिडकीतून शहर दिसतं ते वेगळंच. वेळ जास्त लागतो, लागू दे.

पण पहिल्या दिवशी आम्हाला हे कुठे माहीत होतं. चिऊ गाडीतच झोपली होती, आणि या गाड्यांची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे, बाळ आत झोपलंय म्हटल्यावर एका हाताने मिटणाऱ्या घडीचा उपयोग शून्य. मग दोघांनी मिळून गाडी उचलायची, नवऱ्याने मागून हँडल धरलं आणि मी पुढून, आणि मी धरलं काय तर बाळाच्या पुढ्यात जो आडवा दांडा असतो तो. धरायला तोच सोयीचा वाटतो, अगदी उचलण्यासाठीच दिलाय असं वाटतं. पाचव्या-सहाव्या पायरीवर त्याची एक बाजू टक् करून निघाली. नवऱ्याने मागून घट्ट धरलं होतं आणि चिऊचे पाचही पट्टे लावलेले होते म्हणून गाडी नुसती एका अंगाला कलली, ती जागीसुद्धा झाली नाही, पण माझे हातपाय गार पडले. जिन्याच्या मधेच गाडी टेकवून आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते उभे होतो, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. हॉटेलवर जाऊन पुस्तिका काढली तर त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं की या दांड्याने गाडी उचलू नये. एका ओळीत, बारीक अक्षरात, सहाव्या पानावर! एवढी महत्त्वाची सूचना त्या दांड्यावरच छापलेली पाहिजे. माझ्या मते या गाडीतला हा सगळ्यात मोठा दोष, आणि दुकानात जाल तेव्हा आधी हे बघा की पुढून उचलायला पायापाशी फ्रेमची मजबूत दांडी हाताला लागते का. आमच्या गाडीत ती आहे, पाय ठेवायच्या पट्टीच्या खाली, फक्त वाकावं लागतं. नंतर सगळीकडे आम्ही तीच धरली. आडवा दांडा तर त्याच रात्री काढून बॅगेत टाकला तो घरी येईपर्यंत लावलाच नाही, आणि तो नसल्यामुळे घडीही जास्त चपटी होते.

पॅरिसमधल्या दोन जागा सांगते जिथे या गाडीमुळे सुख झालं. आयफेल टॉवरवर लिफ्टमध्ये स्ट्रोलर मिटवूनच न्यावी लागते, त्यामुळे मोठी प्रॅम असलेल्यांची पंचाईत होते. आम्ही रांगेत असतानाच चिऊला कॅरिअरमध्ये (बाळाला अंगाशी बांधून घ्यायची झोळी) घेतलं, गाडी मिटवली, खांद्याला लावली, झालं. आणि दुसरी जागा लूव्र. काचेच्या पिरॅमिडखाली, ते १९८९ चं आय. एम. पेई यांचं काम, एक गोल फिरता जिना आहे, आणि त्या जिन्याच्या बरोबर मधे एक गोल खांबासारखी लिफ्ट आहे, वर छप्पर नाही काही नाही, नुसता गोल चौथरा, तो तुम्हाला घेऊन खाली उतरतो. बाबागाडीवाल्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना त्यातून नेतात. आम्ही उतरत होतो आणि चिऊ मान वर करून काचेकडे बघत होती, तिच्या कपाळावर त्या त्रिकोणांच्या रेघा सरकत होत्या. मोनालिसा आम्ही बघितली की नाही ते आता धड आठवत नाही, त्या रेघा आठवतात.

बागांमध्ये मात्र गाडी कमी पडली. तुइलरीमध्ये सगळी बारीक खडी आणि पांढरी धूळ, या लहान टणक चाकांना ते झेपत नाही, पुढची चाकं आडवी होतात आणि रुततात. उपाय एकच, गाडी उलटी फिरवा आणि मागे ओढत न्या, मोठी चाकं पुढे आली की जाते. व्हिएन्नाला शोनब्रुनच्या बागेतही हेच करावं लागलं.

पॅरिस ते व्हिएन्ना छोट्या विमानाने गेलो. दारात गाडी काढून घेतली, म्हणाले उतरल्यावर दारातच मिळेल. मिळाली नाही. सामानाच्या पट्ट्यावर पण नाही, शेवटी मोठ्या सामानाच्या काउंटरवर पाऊण तासाने मिळाली तेव्हा छताची एक बाजूची क्लिप तुटलेली आणि एका चाकाची टोपी गायब. पाऊण तास आम्ही आलटून पालटून चिऊला कडेवर घेऊन उभे, ती साडेनऊ किलोची आहे. तक्रारीचा फॉर्म तिथल्या तिथे भरला, विमानतळाबाहेर पडायच्या आधी भरायचा असतो हे लक्षात ठेवा, आणि दारात गाडी देताना सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, आमच्याकडे फोटो होता म्हणून निदान वाद झाला नाही. गाडीबरोबर जी पातळ पिशवी मिळते ती फक्त धुळीसाठी आहे, आदळआपट तिने वाचत नाही. परतीच्या वेळी आम्ही आत चिऊचं दुपटं आणि दोन टॉवेल चाकांभोवती गुंडाळले तेव्हा काही झालं नाही. आणि कॅरिअर कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, तो अंगावर किंवा हातातच पाहिजे, कारण गाडी तुमच्यापासून कधी लांब जाईल सांगता येत नाही.

व्हिएन्ना! मी मनापासून सांगते, बाळाला घेऊन पहिल्यांदाच परदेशी शहर बघणार असाल तर व्हिएन्ना बघा. मेट्रोच्या पाच लाइनी आहेत, यू१, यू२, यू३, यू४ आणि यू६, आणि सगळ्या स्टेशनांवर लिफ्टने किंवा उताराने फलाटापर्यंत जाता येतं. सगळ्या. चार दिवसांत मेट्रोसाठी आम्ही गाडी एकदाही मिटवली नाही. बऱ्याच ट्राम अगदी जमिनीलगतच्या, १९९७ पासून आलेल्या, त्यांचा दरवाजा रुळापासून जेमतेम १८-२० सेंटीमीटरवर असतो, म्हणजे थांब्याच्या फरशीवरून पुढची चाकं किंचित उचलली की आत. दारावर बाबागाडीचं चित्र असतं त्याच दाराने चढायचं, आत जागा ठेवलेली असते. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. पण या सोयींपेक्षा मला जे जास्त भावलं ते म्हणजे कोणी आपल्याकडे 'आता ही कुठे मधे' अशा नजरेने बघत नाही, दाराशी उभा असलेला माणूस न सांगता बाजूला होतो, कारण त्याने रोज दहा बाबागाड्या बघितलेल्या असतात.

ट्रामच्या रुळांपासून मात्र जपा. रस्ता तिरका ओलांडताना आमचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत बरोबर जाऊन बसलं, लहान चाकं आणि खाच एकाच रुंदीची. गाडी जागच्या जागी थांबली आणि मी चालत होते त्यामुळे हँडल पोटात लागलं. ट्राम लांब होती, काही झालं नाही, पण तेव्हापासून रूळ नेहमी सरळ नव्वद अंशात ओलांडायचे आणि पुढची चाकं किंचित उचलून धरायची.

आणि दुसरी गोष्ट, हँडलला बॅग. सगळेच लावतात, मीही लावली होती, डायपर, कपडे, पाण्याची बाटली असं करत चार-पाच किलो झालेलं. थांब्यावर चिऊला उचललं आणि पुढचं वजन गेल्याबरोबर गाडी धाडकन मागे पडली. चिऊ माझ्या हातात होती म्हणून निभावलं. पण ती आत असताना, चढावर, पट्टे न लावता असती तर? हलकी गाडी म्हणजे मागे पडायला सोपी, हे वजनाच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. जड सामान खालच्या टोपलीत किंवा स्वतःच्या पाठीवर, हँडलला काहीही नाही. टोपली छोटी आहे, ही तक्रार मी आधी केली असती, आता वाटतं बरंय, आपोआप सामान कमी होतं.

शोनब्रुनच्या आवारातलं प्राणिसंग्रहालय १७५२ सालचं, आजपर्यंत चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं. दहा महिन्यांच्या बाळाला त्यातलं काय कळणार असं मला वाटलं होतं. चिऊने हत्तीपुढे वीस मिनिटं बैठक मारली आणि हत्ती कान हलवायचा तेव्हा ती दोन्ही हात हलवायची. पाऊस आला, प्लॅस्टिकचं रेनकव्हर काढलं, ते दहा सेकंदांत लागतं आणि फ्रेमला व्यवस्थित धरून राहतं, वाऱ्यातही उडालं नाही, याला पूर्ण मार्क. फक्त आत लगेच वाफ धरते, तेव्हा छपराखाली आलात की आधी ते काढा. उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून चालणारे आई-बाबा तर सगळीकडे दिसले, आणि ते मी अजिबात करू नका म्हणेन, आतली हवा कोंडते आणि पातळ कापड असलं तरी आत भराभर तापतं. छत पुढे ओढा, सावलीच्या बाजूने चाला, दुपारी दोन तास खोलीत बसा.

जेट लॅगचं थोडक्यात. पहिले तीन दिवस चिऊ पहाटे चारला ताजीतवानी. आम्ही भांडलो नाही तिच्याशी, पाच वाजता गाडीत घालून बाहेर पडायचो, जूनमध्ये तिकडे पाचला उजाडायला लागलेलं असतं. रिकामं शहर, धुतलेले रस्ते, आणि दगडी फरसबंदीवर आमच्या चाकांचा खडखडाट. हा खडखडाट लक्षात घ्या, सस्पेंशन नावापुरतंच आहे, गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी जाणारी गाडी दगडांवर अशी हादरते की बाळाचे गाल थरथरतात. चिऊला त्यात झोप लागायची, पण लांबवर अशा रस्त्यांवर मी कॅरिअरच पसंत करेन.

व्हिएन्नाहून व्हेनिसला थेट ट्रेन आहे, आम्हाला साडेसात तासांच्या वर लागले, आणि विमानाच्या त्या अनुभवानंतर आम्ही ट्रेनच घेतली. सांगते, बाळासाठी ट्रेन विमानापेक्षा शंभर पटीने चांगली. फॅमिली झोन असलेला डबा मिळतो, मोठ्या मुलांसाठी तिथे छोटा पडदा असतो कार्टूनचा, रांगायला बोळकांडी आहे, गाडी मिटवून दोन सीटांच्या पाठींमधल्या फटीत सरकवली. वाटेत झेमरिंगच्या घाटातला रेल्वेमार्ग लागतो, १८५४ मध्ये पूर्ण झालेला, ४१ किलोमीटरचा, जागतिक वारशात आहे तो १९९८ पासून. ट्रेन इतकी हळू वळते की आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं, बोगदा आला की अंधार, गेला की उजेड, चिऊला वाटलं कोणीतरी तिच्याशी भोज्जा खेळतंय, प्रत्येक बोगद्यानंतर खिदळायची, समोरच्या आजीही तिच्याबरोबर हसायला लागल्या. शेवटी ट्रेन समुद्रावरच्या लांब पुलावरून जाते आणि थेट कालव्यासमोर उतरवते.

आणि मग व्हेनिस, जिथे ही गाडी, खरं तर कुठलीही गाडी, हरते. शंभराच्या वर बेटं आणि चारशेच्या वर पूल, आणि जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या. चढा, उतरा, वीस पावलं चाला, पुन्हा चढा. पहिल्या संध्याकाळी आम्ही मोजले, स्टेशनपासून हॉटेलपर्यंत सात पूल, गाडी खांद्यावर, बाळ अंगावर, नवऱ्याकडे दोन बॅगा. ६.८ किलो दुकानात उचलून बघितले तर काहीच वाटत नाहीत, सातव्या पुलावर तो खांद्याचा पट्टा गळ्यापाशी रुतत होता आणि त्याला पॅड असतं तर बरं झालं असतं हे तेव्हा कळलं. पट्टा अरुंद आहे, हा दोष क्रमांक दोन. नंतर मी एक रुमाल घडी करून त्याला शिवून टाकला.

व्हेनिसला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, हॉटेल बघताना खोली नंतर बघा, आधी नकाशावर बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत एकही पूल नाही ना ते बघा. आम्ही दुसऱ्या दिवसापासून तसं केलं असतं पण बुकिंग झालेलं होतं. बोटींमध्ये, वापोरेत्तो म्हणतात त्यांना, सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, १ नंबरची बोट मोठ्या कालव्यातून संथपणे सगळे थांबे घेत जाते, त्यात गाडी मिटवून पायाशी ठेवायची, बाळ कॅरिअरमध्ये. बोट थांब्याला लागताना धक्का बसतो, त्यामुळे गाडीत बाळ ठेवून उभं राहू नका. शहराच्या पूर्व टोकाला सांतेलेना म्हणून भाग आहे, तिथे खरीखुरी बाग आहे, झाडं, झोके, सपाट रस्ते, तिथे गाडी पुन्हा उघडली तेव्हा मला अगदी भरून आलं. बाकी चार दिवस गाडी खोलीत आणि चिऊ कॅरिअरमध्ये.

कॅरिअरबद्दल वेगळं लिहायला हवं, पण दोन-तीन गोष्टी इथेच सांगते कारण त्याच्याशिवाय ही स्ट्रोलर अर्धीच आहे. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आले पाहिजेत, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार पाहिजे, नुसते पाय लोंबकळणारा कॅरिअर घेऊ नका. हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे, आणि मान वाकवली की बाळाच्या डोक्याची पापी घेता येईल इतकं ते वर पाहिजे. उन्हात दर अर्ध्या तासाने बाहेर काढून मोकळं करायचं, आपल्या अंगाची उष्णता पण त्यालाच लागत असते.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. घडीला पाच, रेनकव्हरला पाच, छत आणि पट्टे चार, खांद्याचा पट्टा आणि सस्पेंशन दोन, पुढच्या दांड्याला शून्य. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर ही गाडी नको, पाठ पूर्ण सपाट होत नाही आणि इतक्या लहान बाळाला सपाटच निजवावं लागतं, त्यासाठी वेगळं सीट असलेल्या गाड्या मिळतात त्या बघा. आणि मोठ्या बाळालाही गाडीत एखादी डुलकी ठीक, रात्रीची झोप पाळण्यातच, हॉटेलला आधी मेल करून पाळणा मागून घ्या आणि गादी टणक आहे ना, कडेला फट नाही ना, हे स्वतः हात फिरवून बघा. सीटचं कापड सहा बटणांनी निघतं, रात्री बेसिनमध्ये धुतलं की पॅरिसला आणि व्हिएन्नाला सकाळपर्यंत वाळलं, व्हेनिसच्या दमट हवेत नाही वाळलं, एक दिवस खाली टॉवेल अंथरून चालवलं.

तुटलेल्या क्लिपचा सुटा भाग मागवलाय, चाकाची टोपी मिळाली. काल सगळी चाकं काढून पुसली तर त्यातून पॅरिसची पांढरी धूळ निघाली अजून. चिऊ आता गाडीला धरून उभी राहते आणि मागून ढकलते, त्यामुळे पुढच्या प्रवासाला ती आत बसेल की नाही शंकाच आहे, पण घडी घालून दारामागे ठेवलीये, कडेवर ती आणि एका हाताने गाडी, खट्.